स्वतःच आखायची पदवी

"ही यादी झाली," ॲडव्हायझर म्हणाली. "योजना कुठे आहे?"

तिच्या टेबलावर मी भरून दिलेला कागद होता. त्यात नऊ विषय होते. रसायनशास्त्र, अरबी, हिशेबलेखन, चित्रकला, मातीचा अभ्यास, बालमानसशास्त्र, वेबसाइट बनवणं आणि आणखी दोन, जे आता मला आठवतही नाहीत. खाली 'हे विषय एकत्र का घेत आहात?' असा प्रश्न होता आणि उत्तराला चांगली अर्धं पान जागा होती. मी एवढंच लिहिलं होतं, 'आवड आहे म्हणून.'

ॲडव्हायझर ओमानी होती, माझ्याहून सात-आठ वर्षांनी तरी लहान. चष्म्याच्या काचा अबायाच्या टोकाने पुसत तिने तो कागद पुन्हा वाचला.

"कमिटी विचारेल की या नऊ गोष्टींची एक पदवी कशी होते. तुम्ही काय सांगाल?"

"मला हे शिकायचंय, असं सांगेन."

"ते पुरणार नाही," ती म्हणाली आणि कागद माझ्याकडे सरकवला. "पदवीला नावसुद्धा तुम्हीच द्यायचं आहे. तीही जागा रिकामी आहे."

मी तेव्हा पस्तिशीत होते. घरी परतताना टॅक्सीच्या मागच्या सीटवर दोन ओमानी बायकांच्या मध्ये दाटीने बसून मी ठरवलं, उद्यापासून यायचं नाही.

असं ठरवायची मला जुनी सवय. बारावीनंतर मी इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला प्रवेश घेतला आणि वर्षभरात सोडला. मग चिपळूणच्याच कॉलेजात बी.एस्सी. केमिस्ट्री. दोन वर्षं बरे मार्क मिळवले आणि तिसऱ्या वर्षी परीक्षेलाच बसले नाही. मला कोणी अडवलं नव्हतं. घरून लग्नाची घाईही नव्हती. पण एखादी गोष्ट थोडी जमायला लागली की मला तिच्या पलीकडचं काहीतरी दिसायला लागायचं आणि हातातलं नकोसं व्हायचं. आई पाहुण्यांसमोर म्हणायची, "हिचं बूड एका जागी टेकत नाही." पाहुणे हसायचे. मीही हसायचे.

लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर ओमानमधल्या सहमला आले. तो इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन, सोहार बंदराजवळच्या कारखान्यांची कामं घेणाऱ्या एका कंत्राटी कंपनीत. सकाळी सहाला कंपनीची बस त्याला घेऊन जायची. साडेसहाला मुलगी शाळेच्या बसमध्ये चढायची. नंतर घरात मी एकटी. खाली शिंप्याचं दुकान आणि कडक चहाचं कॉफी शॉप, समोर सर्व्हिस रोड, त्यापलीकडे हायवेवरची वाहनं. मी केकचे क्लास घेतले, अबॅकस शिकवायचं प्रशिक्षण घेतलं, शिलाई मशीन आणलं. यांतलं काहीच वर्षभर टिकलं नाही. काही नसलं की मी फर्निचर हलवायचे. नवरा संध्याकाळी दार उघडून आधी सोफा कुठे आहे ते बघायचा आणि मग चपला काढायचा.

कॉलेजात मी गेले होते ती फक्त अरबीचा संध्याकाळचा वर्ग आहे का विचारायला. मस्कतच्या एका खासगी कॉलेजचा हा बातिना किनाऱ्यावरचा छोटा कॅम्पस होता. हायवेलगतची दुमजली इमारत, समोर उन्हात तापलेल्या गाड्या. प्रवेशाच्या खिडकीतल्या माणसाने जुनी कागदपत्रं मागितली म्हणून मी फाइल दिली. तीन गुणपत्रिका, एकाही अभ्यासक्रमाचा शेवट नाही. मला लाज वाटत होती. तो मात्र शांतपणे एकेक विषयावर बोट ठेवत गेला. "हे तुम्ही केलंय. हेही केलंय. यातलं काही धरता येईल." माझ्या त्या कागदांकडे बघून 'सोडलं' असं न म्हणणारा तो पहिला माणूस.

मग त्याने एका नव्या कोर्सचं पत्रक दिलं. दोन वर्षांची असोसिएट डिग्री, म्हणजे पूर्ण पदवीच्या निम्मी. इंग्रजी आणि गणित सगळ्यांना सक्तीचं, बाकीचे विषय ज्याचे त्याने निवडायचे, निरनिराळ्या विभागांतून. ज्यांचं शिक्षण मध्येच तुटलंय किंवा ज्यांना ठरलेल्या चौकटीत बसायचं नाही, त्यांच्यासाठी. पत्रक वाचताना मला वाटलं, हा कोर्स कोणीतरी मला ओळखून काढलाय. अट एकच होती. पहिल्या सेमिस्टरच्या शेवटपर्यंत, फार तर तीन वेळा, योजना द्यायची आणि ती कमिटीने मान्य करायची.

आणि त्याच अटीवर मी अडकले होते.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला गेले ती केवळ खालून हॉर्न वाजला म्हणून. माझ्या वर्गातली एक ओमानी बाई रोज मला घ्यायला यायची. आदल्या दिवशी ती आली नव्हती, म्हणून टॅक्सी. मला गाडी चालवता येत नव्हती आणि सहममध्ये गाडीशिवाय बाई म्हणजे घरातली वस्तू. ही चाळिशी ओलांडलेली, पाच मुलांची आई. सोळाव्या वर्षी लग्न झालेलं, शाळा नंतर रात्रीच्या वर्गांत पुरी केलेली. मोठी पांढरी गाडी ती एका हाताने चालवायची आणि दुसऱ्या हाताने बोलायची. लहानपणी बाजारातल्या भारतीय दुकानदारांकडून शिकलेली तिची हिंदी माझ्यापेक्षा वेगवान होती. मला ती 'ओख्ती' म्हणायची, म्हणजे बहीण.

तिची योजना पहिल्याच फेरीत मान्य झाली होती. तिला लहान मुलांची शाळा काढायची होती. त्यासाठी जे लागेल ते तिने घेतलं आणि खलास.

"तुला काय काढायचंय?" महिन्याभराने एकदा तिने गाडी वळवताना विचारलं.

"मला काही काढायचं नाहीये. मला फक्त शिकायचंय."

"शिकून?"

मी खिडकीची काच खाली केली. मधल्या काळात माझी दुसरी योजनाही परत आली होती, हे मी तिला सांगितलं नव्हतं. तिच्यात मी विषय बदलले होते आणि 'आवड'च्या जागी 'सर्वांगीण विकास' लिहिलं होतं. आता मला एकच संधी उरली होती.

त्या दिवशी वर्ग लवकर सुटले. ती म्हणाली, वाटेत वडिलांकडे डोकावू. त्यांचं शेत हायवे आणि समुद्र यांच्या मधल्या पट्ट्यात होतं. गाडी आत शिरली तेव्हा तिचे वडील पायघोळ पांढरा दिशदाशा कमरेशी खोचून लिंबाच्या झाडांमध्ये उभे होते. झाडं म्हणजे नुसत्या काड्या. पानांच्या कडा जळलेल्या, अर्धी पानं खाली. मधल्या वाफ्यात लसूणघास पिवळा पडलेला. पलीकडची खजुराची झाडं तेवढी हिरवी.

"काय झालं यांना?" मी विचारलं.

मैत्रिणीने अरबीत विचारलं. म्हाताऱ्याने एकच शब्द उच्चारला. "समुद्र." आणि बोट दाखवलं ते समुद्राकडे नाही, पायाखालच्या जमिनीकडे.

सगळेजण पंप लावून उपसा करतात, गोडं पाणी खाली जातं आणि समुद्र जमिनीच्या आतून शेतात येतो, हे मैत्रिणीने मला समजावलं. पलीकडची दोन शेतं आधीच सोडून दिलेली होती. मी विहिरीवरच्या नळाखाली ओंजळ धरली आणि पाणी चाखलं. खारट होतं, पण गिळता येत होतं. का कोण जाणे, मी रिकामी बाटली मागितली.

कॉलेजची रसायनशाळा म्हणजे दोन ओटे आणि एक कपाट. कपाटात पाण्यातला खारटपणा मोजायचं पेनाएवढं मीटर होतं, कोणी न वापरलेलं. शिक्षकांनी ते सहज काढून दिलं. बाटलीत बुडवल्यावर आकडा वर चढत गेला आणि थांबला. मग मी घरच्या नळाचं पाणी मोजलं. कॉफी शॉपमधलं मोजलं. पुढच्या आठवड्यात मैत्रिणीला म्हटलं, शेजारच्या शेतांत जाऊया का? तिसऱ्या आठवड्यात माझ्याकडे सात विहिरींचे आकडे होते. एका रिकाम्या पानावर मी किनारा काढला, हायवे काढला आणि मध्ये विहिरी मांडल्या. समुद्राजवळचे आकडे मोठे, लांबचे लहान. कोणालाही सुचेल असंच होतं ते. पण ते पान मी दिवसातून चार वेळा उघडून बघत होते.

तिसरी योजना मी एका दुपारी लिहिली. रसायनशास्त्र, माती, संगणकावर नकाशे काढणं, अहवाल लिहिणं, आणि शेतकऱ्यांशी बोलता यावं म्हणून अरबी. चित्रकला आणि बालमानसशास्त्र खोडताना जिवावर आलं. पदवीच्या नावाच्या जागेत लिहिलं, 'किनारी शेतांचं पाणी'.

ॲडव्हायझरने कागद वाचला. मग खालचं अर्धं पान, जे या वेळी पूर्ण भरलेलं होतं, ते पुन्हा वाचलं. "तुम्ही बरेच विषय सोडलेत."

"हो."

"वाईट वाटतंय?"

"हो," मी म्हणाले.

"वाटू दे," ती म्हणाली आणि सही केली. कमिटीने एकच प्रश्न विचारला, मीटर दर वेळी तपासून घेता का. मी तपासत नव्हते. त्या दिवसापासून तपासायला लागले.

पुढचं वर्षभर मी अस्वस्थच होते, पण त्या अस्वस्थपणाला काम मिळालं होतं. विहिरी वाढत गेल्या. दुसऱ्या वर्षी मैत्रिणीचं वेळापत्रक बदललं आणि मला गाडी शिकणं भाग पडलं. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या शिकाऊ गाडीत एक अबोल ओमानी शिक्षक शेजारी बसायचा. रस्त्यावर मी बरी चालवायचे, पण परीक्षेत दोन्ही बाजूंना पिंपं उभी करून मधून गाडी उलटी न्यावी लागते, ते मला जमेना. तीन वेळा मी पिंप पाडलं. तिसऱ्यांदा पाडल्यावर शिक्षक फक्त म्हणाला, "घाई." चौथ्यांदा मी इतकी सावकाश गेले की परीक्षकाने घड्याळ पाहिलं. लायसन्स मिळालं.

मुलीला आईचं कॉलेज हा मोठा विनोद वाटायचा. ती अकरा वर्षांची होती, तिचं मराठी शब्द शोधत चालायचं. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर आम्ही दोघी अभ्यासाला बसायचो आणि ती मध्येच विचारायची, "आई, तुझा टीचर तुला ओरडतो का?"

"ओरडते. बाई आहे ती."

"आणि तू रडते?"

"नाही. मी विषय बदलते."

शेवटचं सेमिस्टर सुरू व्हायला महिना उरला असताना नवऱ्याची कंपनी माणसं कमी करू लागली. तेलाचे भाव पडल्यापासून तो विषय घरात होताच. तो कामावरून आला, हातपाय धुतले, समोर बसला आणि म्हणाला, "आमचं कंत्राट वाढवत नाहीयेत. पण मस्कतला एक काम मिळतंय. अल हैलला घर बघावं लागेल."

"कधीपासून?"

"पुढच्या महिन्यापासून."

"माझं एक सेमिस्टर राहिलंय."

"तिकडच्या कॅम्पसवर बदली नाही का घेता येणार?"

"विहिरी इकडे आहेत."

तो हसला नाही. म्हणाला, "आधीचे दोन सोडलेस ना? हाही राहिला तर तुला कोण विचारणार आहे?"

त्याने ते कुचकेपणाने म्हटलं नव्हतं. मला सोपं व्हावं म्हणूनच म्हटलं होतं. एवढी वर्षं तो माझ्या सोडण्यावर कधी बोलला नव्हता, आणि मला वाटायचं त्याच्या ते लक्षातही नाही. दोन दिवस मी त्याच्याशी कामापुरतं बोलले. तिसऱ्या दिवशी सांगितलं, आपण अल हैलला जाऊ. मी आठवड्यातून दोनदा इकडे येईन.

"एवढ्या लांब? एकटी गाडी घेऊन?"

"घाई करणार नाही," मी म्हणाले.

रविवारी, जो इथे कामाचाच वार, आणि बुधवारी मी सकाळी डबे भरून निघायचे. नवरा त्या दिवशी सहकाऱ्याच्या गाडीने जायचा. दोन तासांहून जास्त रस्ता, डाव्या अंगाला डोंगर, उजव्या अंगाला न दिसणारा समुद्र, आजूबाजूला बंदराकडे जाणारे ट्रक. वाटेत मी अरबी वाक्यं मोठ्याने म्हणायचे. विहीर किती खोल आहे? पंप किती तास चालतो? पूर्वी पाणी कसं होतं? हे शेवटचं विचारलं की शेतकरी खूप बोलायचे आणि मला निम्मं समजायचं.

पदवीसाठी शेवटी द्यायचा विहिरींचा अहवाल जवळजवळ लिहून झाला होता तेव्हा मैत्रिणीने मला कँटीनच्या कोपऱ्यातल्या टेबलापाशी बसवलं.

"ओख्ती, माझ्या वडिलांची विहीर त्या नकाशावर नको."

मला आधी कळलंच नाही. मग तिने सांगितलं. तिच्या दोन भावांना शेत विकायचं होतं. गोदामं बांधणारं एक गिऱ्हाईक आलं होतं. भाऊ म्हणत होते पाणी गेलं, वडील म्हणत होते अजून आहे. घरात रोज तोच वाद. "उद्या कॉलेजच्या कागदावर आकडा आला की भाऊ तोच कागद वडिलांसमोर टाकतील. तुझ्याकडे इतक्या विहिरी आहेत. एक नसली तर काय बिघडलं?"

बिघडत होतं. तिच्या वडिलांची विहीर माझी पहिली. तिचेच आकडे सगळ्यात जास्त दिवसांचे होते. पाणी महिन्यागणिक कसं बदलतं, हे दाखवायला दुसरी विहीर माझ्याकडे नव्हती. पण ज्या बाईने मला वर्षभर घरून नेलं आणि आणून सोडलं, तिला हे कसं सांगायचं? मी "बघते" म्हणाले आणि उठले.

तो आठवडा फार वाईट गेला. अल हैलच्या नव्या घरात मी दोनदा फर्निचर हलवलं. मनात सारखं यायचं, हे सगळंच सोडून द्यावं. सोडलं तर मैत्रीण राहील, म्हाताऱ्याचं काही बिघडणार नाही, आणि सोडण्याला आयुष्यात पहिल्यांदा चांगलं कारण मिळेल. कोणी नाव ठेवणार नाही. इतकं चांगलं कारण हाती आलं, याचीच मला भीती वाटली.

मी ॲडव्हायझरला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. "विहीर कोणाची आहे?" तिने विचारलं.

"तिच्या वडिलांची."

"मग त्यांना विचारा. मुलीला नाही, मुलांना नाही."

बुधवारी वर्ग संपल्यावर मी एकटीच शेतावर गेले. म्हाताऱ्याने सावलीत चटई अंथरली, खजूर ठेवले, छोट्या कपात कहवा ओतला. तीन कप झाले तरी मी मुद्द्यावर येईना. शेवटी माझ्या मोडक्या अरबीत सांगितलं. मी पाण्याबद्दल लिहिते आहे. त्यात तुमची विहीर आहे. पाणी वाईट होत चाललंय, असं मी लिहिलंय. तुम्ही नको म्हणालात तर काढून टाकेन.

त्याने कप चटईवर ठेवला. मग त्याने सावकाश, मला कळेल अशा वेगाने विचारलं, "तू नाही लिहिलंस तर ते गोड होईल?"

"नाही."

"मी रोज चाखतो. तुझ्या यंत्राआधी मला माहीत होतं." तो उठला आणि मला खजुरांकडे घेऊन गेला. एका झाडाच्या खोडावर थाप मारून म्हणाला, "पण हे अजून पितं. अजून फळ देतं. लिंबाचं लिहिलंस, याचं लिहिलंस का?"

मी लिहिलं नव्हतं. मी मेलेली झाडं मोजली होती, जिवंत कोणती राहिली याकडे बघितलंच नव्हतं. पुढच्या दोन आठवड्यांत मी सगळ्या शेतांत परत फिरले. खारट झालेल्या विहिरींवरही खजूर कुठे कुठे उभा आहे, त्याला किती पाणी देतात, फळ कसं येतं, हे विचारून घेतलं आणि अहवालात एक नवं प्रकरण घातलं.

मैत्रिणीला ते वडिलांकडूनच कळलं. पार्किंगमध्ये तिने मला गाठलं.

"मी तुझ्याकडे आले होते. तू त्यांच्याकडे का गेलीस?"

"विहीर त्यांची आहे."

"आणि मी? मी तुझी कोण?"

ती गाडीत बसली आणि निघून गेली. त्यानंतर वर्गात ती पुढच्या रांगेत बसायची, मी मागच्या. त्या सेमिस्टरला तिने एक विषय सोडून दिला. माझ्यामुळे, की घरच्या भांडणामुळे, मी विचारू शकले नाही.

अहवाल मी सहा माणसांसमोर सादर केला. कमिटीतल्या एका वयस्क प्राध्यापकांनी खजुराच्या प्रकरणावर बरेच प्रश्न विचारले आणि शेवटी ते प्रकरण स्वतःकडे ठेवून घेतलं. मी पास झाले. बाहेर आल्यावर आनंद सांगायला पहिली आठवली ती मैत्रीणच, पण तिला फोन लावायचा धीर झाला नाही. नवऱ्याला लावला. तो म्हणाला, "झालं? खरंच पूर्ण झालं?" आणि त्याच्या आवाजात इतकं आश्चर्य होतं की मला रडूच आलं.

त्या उन्हाळ्यात चिपळूणला गेले तेव्हा पुढच्या पदवीची चौकशी केली. मुक्त विद्यापीठाच्या अभ्यास केंद्रातल्या माणसाने प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिलं. "ही कशातली पदवी म्हणायची?" मी समजावलं. त्याने शेजारच्यालाही दाखवलं. दोघांचं म्हणणं पडलं की पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागेल. मी प्रमाणपत्र फाइलमध्ये घातलं आणि घरी आले. वाईट वाटलं, पण वाटलं होतं त्यापेक्षा कमी.

मस्कतमधल्याच अल खौदच्या एका पाणी तपासणाऱ्या लॅबने मला घेतलं. मुलाखतीत तिथल्या मॅनेजरने तोच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारला, या दोन वर्षांत तुम्ही नक्की काय केलंत? मी त्याला विहिरी सांगितल्या. पहिली विहीर, न तपासलेलं मीटर, खजूर, म्हातारा, सगळं. त्याने मध्येच मला थांबवून कधीपासून येऊ शकाल असं विचारलं.

शेताचं काय झालं ते मला पुढे कळलं. लिंबाचा भाग विकला गेला, खजुराचा म्हाताऱ्याने राखला. भावांनी माझ्या अहवालातली पानं खरोखरच त्याच्यासमोर ठेवली होती. त्याने त्यांना खजुराचं प्रकरण काढून दाखवलं म्हणे. अर्धं शेत माझ्या कागदाने गेलं की अर्धं राहिलं, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. कधी एक वाटतं, कधी दुसरं.

हे सांगितलं मैत्रिणीनेच. वर्षभराने एका शुक्रवारी तिचा फोन आला. तिचीही पदवी झाली होती, शाळेला परवानगी मिळाली होती, आणि ती मुलांसाठी छोट्या खुर्च्या घ्यायला मस्कतला येत होती. "तू येशील का दुकानात? मला एकटीला ठरवता येत नाही," ती म्हणाली. तिला एकटीला न ठरवता आलेली एकही गोष्ट मी कधी पाहिली नव्हती. मी गेले.

दुकानात रंगीत खुर्च्यांच्या राशी होत्या. आम्ही दोघी गुडघ्याएवढ्या खुर्च्यांवर बसून बघत होतो. जुन्या गोष्टीबद्दल तिने काही काढलं नाही, मीही काढलं नाही. वडिलांचं, भावांचं बोलून झाल्यावर तिने विचारलं, "लॅब कशी आहे?"

"चांगली आहे."

"पण?"

"बसून राहवत नाही. दिवसभर लोक पाणी आणून देतात आणि मी मोजते. ते कुठून आलं ते कोणी सांगत नाही."

"सोडणार?"

"माहीत नाही. अजून तरी नाही."

तिने माझ्याकडे एकदा नीट बघितलं, मान हलवली आणि उठून दोन खुर्च्या समोर धरल्या. "पिवळ्या घेऊ की निळ्या?"

"पिवळ्या," मी म्हणाले.

तिने निळ्या घेतल्या. मग त्या मोजून गाडीत भरायला आम्हाला दुपारचा एक वाजला.